खेळ बोलका करणारे खेळाडू
(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात इंदूर येथे दिलेले भाषण)



या प्रसंगी चार शब्द बोलण्याचा मान आपण एका शाळामास्तरास दिलात, याबद्दल मी आपला आभारी आहे. माझा न्यासाशी संबंध जुना आहे. माझी बी. एड.ची फी याच न्यासाने भरली होती. त्या वेळी अर्जावरील माझे नाव वाचून कोणी थबकले नाही. फक्त गुणपत्रिका पाहिली. ते ऋण मनात ठेवूनच मी आज उभा आहे.

विषय निवडण्याची मोकळीक मिळाली, म्हणून मी क्रिकेट निवडले. पण आज खेळाविषयी बोलायचे नाही. खेळाविषयी जे गोड बोलतात अशा खेळाडूंविषयी बोलायचे आहे. चांगला खेळणारा प्रत्येक जण चांगला बोलतोच असे नाही. काहींना आपल्या धावांपलीकडे काही आठवत नाही. आणि काही असे असतात की त्यांचे ऐकताना मैदान, ऊन, समोरचा गोलंदाज, सारे डोळ्यांपुढे उभे राहते.

आपल्या इंदूरकरांना या बाबतीत दूर जावे लागत नाही. सय्यद मुश्ताक अली 1914 साली याच शहरात जन्मले आणि 2005 साली येथेच निवर्तले. परदेशात कसोटी शतक काढणारे ते पहिले भारतीय. ते साल 1936, गाव मँचेस्टर. त्या सामन्यासंबंधी एक हकीगत प्रसिद्ध आहे. संघाचे कर्णधार विजयनगरमचे महाराजकुमार यांचे विजय मर्चंटांशी पटत नव्हते. मर्चंटांना धावचीत करशील तर सोन्याचे घड्याळ देईन, असे आमिष त्यांनी मुश्ताक यांना दाखविले. मुश्ताकनी काय केले? ते सरळ मर्चंटांपाशी गेले आणि त्यांना सांगून टाकले! दोघे हसले. गंमत अशी, की पहिल्या डावात धावचीत झाले ते मुश्ताकच. इंग्लंडने 571 धावांचा डोंगर उभा केला होता. दुसऱ्या डावात या जोडीने 203 धावांची सलामी दिली. मुश्ताक 112, मर्चंट 114. सामना वाचला.

ही गोष्ट मी वर्गात दर वर्षी सांगतो. मुले प्रथम घड्याळाची किंमत विचारतात. मग एखादा मागच्या बाकावरून विचारतो, ‘सर, पण त्यांनी सांगितले कशाला? गप्प बसले असते तरी चालले असते.’ त्या प्रश्नासाठीच मी ती गोष्ट सांगतो. इंदूरच्या मुसलमान घरातला एक मुलगा आणि मुंबईच्या हिंदू घरातला एक मुलगा खेळपट्टीच्या दोन टोकांना उभे आहेत. धाव काढायची तर एकाने हाक द्यायची आणि दुसऱ्याने तिच्यावर विश्वास ठेवून धावायचे. मनात घड्याळ दडवून ती हाक देता येत नाही.

पुढे मर्चंटही बोलके झाले. विविध भारतीवरील त्यांचा क्रिकेटचा कार्यक्रम माझ्या वडिलांच्या पिढीने रविवारी कान देऊन ऐकला. आणि सागराच्या पलीकडे ऑस्ट्रेलियाचे रिची बेनो! कर्णधार म्हणून मोठे. पण समालोचक म्हणून त्यांची ख्याती कशात? गप्प बसण्यात! चित्र दिसतेच आहे, तेथे माझ्या शब्दांनी काही भर पडत असेल तरच बोलावे, हा त्यांचा नेम. आम्हां शिक्षकांनी तो नेम शिकण्यासारखा आहे.

आता ज्यांचे नाव कोणत्याही पुस्तकात नाही अशा एका बोलक्या माणसाविषयी सांगतो. आमचे वडील खानदेशातून इंदूरच्या गिरणीत कामाला आले. घरात अर्धी मराठी, अर्धी उर्दू. आमच्या मोहल्ल्यात एक शिंपी होते; आम्ही त्यांना मास्टरचाचा म्हणत असू. तरुणपणी ते क्लबातून खेळले, पुढे पंच झाले. मशीन चालू असताना ते बोलत नसत. मशीन थांबले, चहा आला, की गोष्ट सुरू.

1945-46 च्या हंगामात होळकर संघाने येथे म्हैसूरविरुद्ध 8 बाद 912 धावा केल्या. सहा जणांनी शतके काढली: भांडारकर, सरवटे, जगदाळे, कर्नल सी. के. नायडू, निंबाळकर आणि प्रतापसिंह. मास्टरचाचा त्या वेळी बारा वर्षांचे असतील. तो सामना त्यांनी पाहिला होता. आम्ही पोरे शतकांविषयी विचारत असू. ते म्हणत, ‘बेटा, शतके पेपरात छापून आली आहेत. तू गरुडाचारांचे ऐक.’ म्हैसूरच्या गरुडाचारांनी त्या डावात 301 धावा दिल्या आणि 4 गडी बाद केले. कल्पना करा, 301! पण चेंडू टाकणे सोडले नाही. आणि दुसऱ्या डावात त्याच माणसाने शतक झळकाविले. चाचा हे सांगताना हातातली कात्री खाली ठेवीत आणि उठून गरुडाचारांची चाल करून दाखवीत. जिंकलेल्या संघाच्या गावातला माणूस हरलेल्या संघाच्या गोलंदाजाविषयी इतक्या जिव्हाळ्याने बोलत असे. माझ्या मते खेळाविषयी गोड बोलण्याचे मर्म येथेच आहे.

अलीकडचे उदाहरणही आपल्या समोर आहे. 1999 साली बंगळूर येथे रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात मध्य प्रदेश हरला. कर्णधार चंद्रकांत पंडित होते. 2022 साली, 23 वर्षांनी, त्याच मैदानावर त्यांच्या मार्गदर्शनाखाली मध्य प्रदेशाने मुंबईस हरवून करंडक जिंकला. जिंकल्यावर त्यांना त्या जुन्या पराभवाचीच आठवण झाली. त्या दिवशी दूरचित्रवाणीपुढे बसून मला मास्टरचाचांची फार आठवण आली.

कारण मित्रहो, माझी एक चूक आहे, आणि ती कबूल करण्यासाठीच मी हा विषय घेतला. शिक्षक झाल्यावर मी एक कोरी वही आणली. चाचांच्या साऱ्या गोष्टी तिच्यात उतरवून घ्यायच्या, असे ठरविले. त्यांनाही सांगितले. ते खूष झाले. म्हणाले, ‘रविवारी ये, दुकान बंद असते.’ पहिल्या रविवारी उत्तरपत्रिका होत्या. दुसऱ्या रविवारी लग्न होते. मग परीक्षा, मग उन्हाळ्याची सुटी. असे करता करता 2008 साली ते गेले. त्यांच्या मुलाने मला सांगितले, की पुष्कळ रविवारी ते दुकानाची एक फळी उघडी ठेवून बसत. ती वही अजून माझ्यापाशी आहे. तिच्या पहिल्या पानावर फक्त तारीख लिहिलेली आहे.

आज या सभागृहात होळकरांचे सामने पाहिलेली दोन-तीन वृद्ध मंडळी तरी असतील. माझी विश्वस्तांना विनंती आहे, की वाचनालयातील एक कपाट या बोलण्यासाठी राखून ठेवावे. आमच्या शाळेची मुले येतील, विचारतील, लिहून घेतील. आता तर खिशातल्या फोनवर आवाजही उतरविता येतो. मराठी, हिंदी, उर्दू, ज्याची जी बोली असेल तीत बोलू द्यावे. वह्यांचा खर्च माझ्याकडे लागला.

आणि हे काम येत्या रविवारीच सुरू व्हावे. पुढच्या रविवारचा भरवसा मी धरीत नाही.