पहिल्या दोन दिवसांतलं दूध

(मंगरूळपीर येथे महिलांच्या बैठकीत एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी केलेलं भाषण)



लेकराला फिट येते, मान धरत नाही, नजर ठरत नाही, अशी मुलं माझ्याकडे रिसोड, मानोरा, कारंजा, सगळीकडून येतात. सोबत बहुतेक वेळा आई असते, आणि तिच्यावर ठपका आधीच ठेवलेला असतो. हिनं ग्रहण पाळलं नाही, बाळाला बाहेरची हवा लागली, हिच्या माहेरातच असेल काहीतरी. मी विचारते, जन्मल्यावर पहिले दोन दिवस बाळ काय प्यायलं? याचं नीट उत्तर क्वचितच मिळतं.

हा प्रश्न विचारायला मला शिकवलं ते मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातले बालमेंदूविकारतज्ज्ञ डॉ. व्रजेश उदानी यांच्या कामानं. मेंदूला आधी झालेल्या इजेमुळे तीन वर्षांच्या आत फिट सुरू झालेली 100 मुलं त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासली. 2009 साली ‘इंडियन पीडियाट्रिक्स’मध्ये तो अभ्यास छापून आला. निम्म्या मुलांना ती इजा जन्माच्या आसपास झाली होती. आपण म्हणतो, बाळ रडलं नाही, गुदमरलं, म्हणून असं झालं. तसंही होतं. पण या मुलांत सर्वांत मोठा गट होता तो रक्तातली साखर घसरलेल्या बाळांचा. त्यांपैकी कितीतरी बाळं जन्मतः कमी वजनाची होती, आणि सुरुवातीला नीट दूध प्यायली नव्हती.

नाळ कापली की आईकडून येणारी साखर थांबते. मेंदूचं जळण तर तेच. भरल्या वजनाचं बाळ अंगातल्या साठ्यावर निभावून नेतं. अडीच किलोच्या आतलं, दिवस भरायच्या आधी झालेलं, आजारी किंवा मधुमेही आईचं बाळ निभावेलच असं नाही. साखर फार वेळ खाली राहिली, तर मेंदूच्या मागच्या भागाला जास्त मार बसतो, आणि दृष्टीचं केंद्र तिथंच आहे. म्हणून डोळे निरोगी असूनही बाळ आईकडे बघत नाही.

हे मी आईवर नवा ठपका ठेवायला सांगत नाही. पहिलं पिवळं चिकट दूध ‘खराब’ म्हणून पिळून टाकायचं, आधी मध चाटवायचं, गुळाचं पाणी द्यायचं, हे त्या खाटेवरच्या पोरीनं ठरवलेलं नसतं. मी हे हिंदू घरांतही पाहते आणि आपल्या घरांतही. बाळाच्या कानात अजान द्या, जरूर द्या, त्याला किती वेळ लागतो? पण पहिल्या तासात बाळ छातीशी लागलं पाहिजे, आणि पुढे दर दोन-तीन तासांनी. ओढत नसेल तर दूध काढून वाटी-चमच्यानं पाजा. मध वर्षभर नकोच. बाळ गार पडू देऊ नका, गार बाळाची साखर लवकर संपते. आणि ‘किती शांत लेकरू आहे, उठतच नाही’ म्हणून कौतुक करत बसू नका. सुस्त पडलेलं, दूध न ओढणारं बाळ तडक दवाखान्यात न्या आणि टाचेतून थेंबभर रक्त घेऊन साखर बघायला सांगा. सरकारी दवाखान्यात आजारी नवजात बाळाचे उपचार मोफत आहेत. वाशीमला अशा बाळांसाठी वेगळा कक्ष आहे, 102 किंवा 108 ला फोन लावा.

आणखी एक. काही महिन्यांचं बाळ झोपेतून उठल्यावर लागोपाठ झटके देतं, कमरेत वाकतं, हात पुढे येतात, जणू सलाम करतंय. इंग्रज डॉक्टर वेस्ट यांनी 1841 साली स्वतःच्याच मुलाचा हा आजार लिहून ठेवला, आणि त्या झटक्यांना खरोखरच ‘सलाम’ हे नाव पडलं. घरचे हसतात, किंवा पोट दुखतंय म्हणून ग्राइप वॉटर देतात. मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि त्याच आठवड्यात डॉक्टरला दाखवा. यावर औषधं आहेत, पण उशीर झाला की त्यांचा उपयोग कमी होतो.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 39 गावांतल्या साध्या बायकांना घरोघरी जाऊन नवजात बाळ सांभाळायला शिकवलं. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी उतरले होते. 1999 साली ‘लॅन्सेट’नं ते छापलं. आज आपल्या दारात येणारी आशाताई त्याच कामातून आली आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं असलं तरी ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येते. तिला दारातूनच ‘सगळं ठीक आहे’ म्हणून परत पाठवू नका. आत बोलवा, बाळाचं वजन करू द्या, आणि सुनेला तिच्याशी एकटीला बोलू द्या.