फटफटीचा मागचा दिवा

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं पुष्कळांना हंसूं आलें असेल. आयुष्यभर मुलांकडून पाढे घोकून घेणार्‍या एका मॅट्रिक पास शिक्षकानें फटफटीच्या दिव्याविषयीं काय बोलावें, आणि आपण तें काय म्हणून ऐकावें, अशी शंका येणें स्वाभाविक आहे. परंतु ज्या चुकीमुळें हा विषय मला उतारवयांत शिकावा लागला, ती चूक मीं आपणांपुढें कबूल केली म्हणजे ही शंका राहणार नाहीं, असा मला भरंवसा वाटतो.

माझें गांव म्हसावद. नंदुरबार जिल्ह्यांतील शहादा तालुक्यांत, सातपुड्याच्या पायथ्याकडे तें वसलेलें आहे. तोरणमाळला जाणारी मंडळी आमच्याच गांवावरून पुढें डोंगराकडे वळतात. हिंवाळा आला कीं आमच्या भागांत ऊसतोड सुरू होते, आणि दिवस मावळल्यावर रस्त्यांवर उंसानें भरलेल्या बैलगाड्यांची व ट्रॅक्टरांची रीघ लागते. चार वर्षांपूर्वीं मार्गशीर्षांतील अशाच एका संध्याकाळीं मी सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा व तेथील घोडेबाजार पाहून घरीं परतत होतों. माझी फटफटी पंचवीस वर्षांची जुनी. पण तिची निगा मी जातीनें राखीत असें, आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता.

शहादा मागें पडला. अंधार दाटला. एकाएकीं दहा-बारा हातांवर उंसाची गाडी दिसली. तिला दिवा नाहीं, चकाकणारी पट्टी नाहीं. उंसाचा एक काळा डोंगरच म्हणाना! मीं करकचून ब्रेक दाबला आणि मनांतल्या मनांत गाडीवानाला चार शब्द सुनावले. ते शब्द पुरे होतात न होतात तोंच मागून चाकें घासल्याचा आवाज आला, आणि एक मोटारसायकल माझ्या डाव्या बाजूनें घसरत जाऊन रस्त्याच्या कडेला आडवी झाली. तिच्यावर एक तरुण, त्याची पत्नी आणि तिच्या मांडीवर दहा महिन्यांचें मूल होतें. देवाची कृपा कीं मुलाला ओरखडाही उमटला नाहीं; त्या बाईंचें मनगट मात्र मोडलें. तरुण उठून तावातावानें माझ्याकडे आला, आणि मला ओळखतांच जागच्या जागीं थांबला. तो माझा विद्यार्थी होता. रागावण्याचा त्याला पूर्ण अधिकार होता, परंतु तो इतकेंच म्हणाला, "गुरुजी, तुमचा मागचा दिवा लागत नाहीं."

ज्या अपराधाबद्दल मी गाडीवानाला दोष देत होतों, तोच अपराध त्याच क्षणीं माझ्या पाठीमागें घडत होता! बाईंच्या औषधोपचाराचा खर्च मीं केला. पण खर्चानें अपराध फिटत नाहीं. दिवा केव्हां गेला होता, हें मला ठाऊक नव्हतें. पुढचा दिवा गेला तर स्वारास वाट दिसत नाहीं, भोंगा बिघडला तर तो वाजत नाहीं. मागचा दिवा मात्र गाडी चालविणार्‍याच्या दृष्टीस पडतच नाहीं. तेव्हां मला लहानपणची एक गोष्ट आठवली. वडील रात्रीं गाडी जुंपीत तेव्हां आंसाखालीं कंदील टांगीत. "आबा, एवढ्याशा उजेडांत बैलांना वाट कशी दिसणार?" असें मीं एकदां विचारलें. ते म्हणाले, "बैलांना वाट ठाऊक आहे. कंदील दुसर्‍यासाठीं असतो."

दुसर्‍या दिवशीं मीं दिव्याची तांबडी कांच काढली. आंत 12 व्होल्टचा, दोन तारांचा बल्ब होता. त्यांतील 5 वॅटची तार रात्रीं सतत जळते, आणि 21 वॅटची तार ब्रेक दाबतांच पेटते. दोन्ही तारा तुटल्या होत्या. पांढर्‍या होईपर्यंत तापलेली ती बारीक तार आमच्या रस्त्यांवरील हादरे किती दिवस सोसणार? म्हणून मीं तारेच्या बल्बाऐवजीं एलईडीचा बल्ब बसविण्याचें ठरविलें.

एलईडींत जळणारी तार नसतेच. अर्धवाहक पदार्थाच्या इवल्याशा तुकड्यांतून वीज वाहूं लागली कीं त्यांतून प्रकाश बाहेर पडतो. डोळ्यांना दिसेल असा तांबडा एलईडी अमेरिकेंत निक होलोन्याक यांनीं 1962 सालीं तयार केला. निळा साधावयास त्यापुढें कित्येक वर्षें लागलीं. त्या कामगिरीबद्दल आकासाकी, अमानो व नाकामुरा या तिघांना 2014 सालीं भौतिकशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. एलईडीला वीज थोडी लागते आणि हादर्‍यांचें भय फारसें नसतें. शिवाय आणखी एक गुण आहे, तो गणितानें सांगतों. तारेचा बल्ब पूर्ण तेजानें पेटण्यास सुमारें 0.2 सेकंद लागतात. एलईडी जवळजवळ तत्क्षणीं पेटतो. तासाला 60 किलोमीटर वेगानें येणारी गाडी 0.2 सेकंदांत 3 मीटरांहून अधिक अंतर कापते. तेवढें अंतर मागच्या माणसाला आयतें मिळतें.

परंतु नवी वस्तु घेतली म्हणजे शहाणपणही आलें, असें होत नाहीं. मीं बाजारांतून स्वस्तांतला पांढरा एलईडी बल्ब आणला, जुन्या होल्डरांत बसविला आणि निश्चिंत झालों. चौथ्या दिवशीं तोच विद्यार्थी मला वाटेंत भेटला. तो मोटारसायकलींचा मिस्त्री आहे. म्हणाला, "गुरुजी, दिवा आहे; पण न असल्यासारखाच. जरा दुकानावर या." त्यानें मला माझ्याच गाडीच्या मागें पन्नास पावलांवर उभें केलें आणि एकेक दोष दाखविला. त्या दिवशीं तो शिक्षक झाला आणि मी विद्यार्थी.

पहिला दोष रंगाचा. पांढर्‍या एलईडींत मूळ प्रकाश निळा असतो व त्यावरील पिवळसर लेपामुळें तो पांढरा दिसतो. तांबड्या रंगाचा अंश त्यांत कमी. तांबडी कांच तेवढाच अंश बाहेर सोडते, म्हणून दिवा फिका पडतो. तांबड्या कांचेमागें तांबडाच एलईडी हवा. मात्र दिव्याच्या खालच्या बाजूस नंबरपाटीवर उजेड पडण्यासाठीं एक पारदर्शक खिडकी असते. 1989 सालच्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणें पाटीवर पांढरा प्रकाश पाहिजे. म्हणून खालच्या अंगाला पांढरे कण असलेला तांबडा बल्ब घ्यावा, किंवा पाटीसाठीं निराळा पांढरा दिवा लावावा.

दुसरा दोष अधिक घातक. माझ्या बल्बाचा नेहमींचा उजेड आणि ब्रेकचा उजेड यांत फरकच जाणवत नव्हता. ज्या दिव्याचा ब्रेक ओळखूं येत नाहीं, तो मागच्याला फसवितो. तारेच्या बल्बांत 5 आणि 21 हें प्रमाण याच कारणासाठीं ठेवलेलें आहे.

तिसरा दोष लुकलुकण्याचा. कित्येक जुन्या गाड्यांत मागचा दिवा बॅटरीवर नसून इंजिनाच्या कॉइलवर थेट जोडलेला असतो. त्या विजेची दिशा सारखी उलटसुलट होते, आणि एलईडी एकाच दिशेची वीज घेतो. म्हणून इंजिन मंद चालतांना दिवा फडफडतो. याची परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद ठेवून चावी फिरवावी व दिव्याचें बटन दाबावें. इंजिन सुरू केल्यावरच दिवा लागत असेल, तर तो कॉइलवर आहे असें समजावें. अशा गाडीला अंगचा रेक्टिफायर असलेला बल्ब बसवावा, अथवा मिस्त्रीकडून ती वायर चावीतून व फ्यूजमधून बॅटरीवर घ्यावी. जुन्या राजदूतसारखी 6 व्होल्टची गाडी असेल, तर बल्बही 6 व्होल्टचाच पाहिजे. वळण दाखविणारे दिवे बदलावयाचे असतील, तर त्यांचा फ्लॅशरही बदलावा. नाहीं तर ते भलत्याच घाईनें मिचकूं लागतात, किंवा मिचकतच नाहींत.

विद्यार्थ्यानें योग्य बल्ब बसविला, होल्डरांतील गंज खरवडून काढला, हाताचा व पायाचा असे दोन्ही ब्रेक दाबून दिवा तपासला आणि कांचेवरची धूळ पुसली. मीं पैसे पुढें केले. तो म्हणाला, "बल्बाचे घेतों, गुरुजी. मजुरी नको. रोज निघतांना तेवढें पाहत जा."

तेव्हांपासून घराबाहेर पडतांना मी फटफटी भिंतीकडे पाठ करून उभी करतों आणि दोन्ही ब्रेक दाबून भिंतीवर तांबडा उजेड उमटतो कीं नाहीं तें पाहतों. श्रोतेहो, आपल्या घरीं जुनी गाडी असेल तर आज रात्रीं एवढें करून पाहा. आणि रस्त्यानें जातांना एखाद्याचा मागचा दिवा गेलेला दिसला, तर त्याला गांठून तसें सांगा. त्याला तो दिसत नसतो. मला कोणी आधींच सांगितलें असतें, तर एका माउलीचें मनगट वांचलें असतें.