रॅली पांगल्यानंतर

(धाराशिव जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचे लेखरूप)



घटस्थापनेच्या आदल्या एक-दोन दिवसांत तुळजापुराहून निघणाऱ्या कोणत्याही रस्त्याच्या कडेला घटकाभर उभे राहावे. भवानीच्या मंदिरात पेटविलेली ज्योत घेऊन गावोगावच्या मंडळांचे तरुण धावत निघालेले दिसतात. कोणी सोलापूरकडे, कोणी बार्शीकडे, कोणी औशाकडे, तर कोणी नळदुर्गावरून कर्नाटकाच्या हद्दीकडे. पुष्कळांच्या पायांत वहाण नसते. एक जण काही अंतर धावतो आणि दमला की ज्योत दुसऱ्याच्या हाती देतो. सोबत एखादा टेंपो असतो, मागेपुढे मोटारसायकली असतात. गाव येईपर्यंत ती ज्योत बहुतेकांच्या हातून फिरलेली असते. या सोहळ्यातील श्रद्धेचा भाग क्षणभर बाजूला ठेवला, तरी एक गोष्ट नजरेत भरते. येथे प्रेक्षक कोणी नसतो; जो येतो त्याची पाळी येते.

त्याच रस्त्यावरून, बव्हंशी त्याच तरुणांना घेऊन, वर्षातून कितीतरी वेळा दुसरी एक मिरवणूक जाते. शिवजयंती असो, आंबेडकर जयंती असो, उमेदवारी अर्ज भरण्याचा दिवस असो की पद मिळालेल्या नेत्याचे पहिले आगमन असो, मोटारसायकलींची रॅली ठरलेलीच. प्रत्येक गाडीवर झेंडा, डोक्याला फेटा, अंगठा हॉर्नवर, आणि ‘पुंगळी’ काढलेल्या बुलेटचा छातीत धडकी भरविणारा आवाज! पुढे उघड्या जीपमध्ये हात उंचावून उभी असलेली एक व्यक्ती आणि तिच्यामागे तीनशे-पाचशे गाड्या. तासा-दोन तासांत सारे आटोपते. जीप बंगल्याकडे वळते आणि गाड्या पांगतात.

अलीकडे कार्यकर्त्यांच्या बैठकांतून एक प्रश्न वारंवार येतो. इतर पक्षांची शक्ती रस्त्यावर अशी दिसते, आपल्या सभेला मात्र खुर्च्या रिकाम्या राहतात. मग आपणही रॅली का काढू नये? यावर दोन उत्तरे तयार असतात. ‘काळाबरोबर चालले पाहिजे’ हे पहिले. ‘ती भाडोत्री झुंड आहे, तिच्या नादी लागू नये’ हे दुसरे. वस्तुतः ही दोन्ही उत्तरे एकच चूक करतात. त्या गाडीवर बसलेला तरुण तेथे का आला, हे दोन्ही उत्तरे विचारीत नाहीत.

प्रथम त्या वाहनाचा विचार केला पाहिजे. सत्तरच्या दशकात स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. खेड्यात एखादी राजदूत किंवा बुलेट असलीच, तर ती बागाईतदाराची, डॉक्टरची किंवा कारखान्याच्या संचालकाची. १९८५ च्या सुमारास चित्र बदलू लागले. थोड्या पेट्रोलवर लांब पळणारी हीरो होंडा त्याच वर्षी बाजारात आली आणि छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज येथे बजाजचा कारखानाही त्याच वर्षी सुरू झाला. पुढे हप्त्यांवर गाडी मिळू लागली. मराठवाड्यातील तरुण मोटारसायकल बनविणारा कामगार झाला, ती विकत घेणारा ग्राहक झाला आणि तिच्या कर्जाचा ऋणकोही झाला.

धाराशिवसारख्या जिल्ह्यात ही गाडी चैनीची वस्तू राहिलेली नाही. भूम-परंड्याकडे दुधाच्या किटल्या तिच्यावरून जातात, कळंबच्या आडतीवरचा निरोप तिच्यावरून येतो, बाळंतीण तिच्यावरून दवाखान्यात पोचते. २०२१ च्या अखेरीस एस.टी. कामगारांचा संप सुरू झाला आणि तो एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. सार्वजनिक वाहतूक थांबली की ज्याच्या दारात दुचाकी नाही तो माणूस गावात कसा कोंडला जातो, हे त्या महिन्यांत सर्वांनी पाहिले. राज्याने जी सोय द्यावयाची, ती तरुणाने कर्ज काढून स्वतःपुरती उभी केली, असाच या दुचाकीचा अर्थशास्त्रीय अर्थ आहे.

आता त्या तरुणाकडे वळावे. २०१८ साली केंद्र सरकारने देशातील मागास जिल्ह्यांची ‘आकांक्षित’ म्हणून निवड केली. त्यात महाराष्ट्रातील चार जिल्हे होते आणि तेव्हाचा उस्मानाबाद त्यांपैकी एक होता. येथील दोन-तीन एकर कोरडवाहू जमिनीच्या वाटेकऱ्याचा मुलगा पदवीधर होतो, पोलीसभरतीसाठी पहाटे धावतो, स्पर्धा परीक्षेचे अर्ज भरतो आणि तिशीकडे झुकतो. त्याचे लग्न ठरत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये शेजारच्या सोलापुरात लग्नाळू तरुण नवरदेवाच्या वेशात घोड्यांवर बसून जिल्हाधिकारी कचेरीवर गेले, तेव्हा वर्तमानपत्रे हसली. त्यात हसण्यासारखे फार थोडे होते. शेतीतील अरिष्ट आणि स्त्रीभ्रूणहत्येने बिघडविलेले प्रमाण यांचा तो जाहीर हिशेब होता.

अशा तरुणाला वर्षातील तीनशेसाठ दिवस कोणी विचारीत नाही. तलाठी कार्यालयात तो ताटकळतो, बँकेत त्याला उद्या यावयास सांगतात, घरात तो वडिलांसमोर मान खाली घालून जेवतो. रॅलीच्या दिवशी मात्र त्याला आदल्या रात्री फोन येतो. ‘भाऊ, उद्या तुझी गाडी पाहिजे.’ सकाळी फेटा बांधून तो निघतो आणि ज्या रस्त्याने एरवी त्याची कोणी दखल घेत नाही, तो रस्ता त्याच्यासाठी थांबतो. दुकानदार बाहेर येतात, पोलीस वाट करून देतो. चेहऱ्यावर वारा, मागे मित्र आणि सभोवती शेकडो इंजिनांचा एकच नाद! आपण एकटे नाही, आपण मोठ्या कशाचा तरी भाग आहोत, ही भावना त्या दोन तासांत त्याला मिळते. ती खोटी नाही आणि तिची चेष्टा करण्याचा अधिकार कोणाही समाजवाद्याला नाही. संघटना म्हणजे तरी याहून निराळी कोणती भावना असते?

हे आकर्षण केवळ मराठवाड्याचे नव्हे. अमेरिकेत दक्षिण डाकोटा राज्यातील स्टर्गिस या छोट्या गावी १९३८ मध्ये मूठभर स्पर्धकांच्या शर्यतीने एक मेळावा सुरू झाला. आज जेमतेम सात हजार वस्तीच्या त्या गावी दर ऑगस्टमध्ये लाखो मोटारसायकलस्वार लोटतात. महायुद्धात पेट्रोलचे रेशनिंग झाले तेव्हा, १९४२ मध्ये, तो भरला नव्हता. आपल्याकडे गोव्यात २०१३ पासून ‘इंडिया बाईक वीक’ सुरू झाला. तेथे तिकीट काढून लोक येतात, महागड्या गाड्या पाहतात, गाणी ऐकतात आणि कामावर परततात. हौशी माणसाने स्वतःच्या पैशाने केलेली ती मौज आहे आणि कंपन्यांच्या दृष्टीने ती बाजारपेठ आहे. धाराशिवच्या रस्त्यावरील रॅलीत तरुण मौज विकत घेत नाही. तेथे त्याची हजेरीच विकत घेतली जाते. फरक आहे तो येथे.

हा व्यवहार आकड्यांत मांडून पाहावा. समजा, ५०० गाड्या आहेत आणि साठ किलोमीटरची फेरी आहे. रांगेतल्या संथ गतीने प्रत्येक गाडीला दीड लिटर पेट्रोल लागते असे धरले, तर ७५० लिटर झाले. लिटरला केवळ शंभर रुपये धरले तरी ७५ हजार रुपये धुरात गेले. फेटे, झेंडे, फटाके आणि जेवणावळी निराळ्या. महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ साली दिवसाला ३१२ रुपये होती. त्या हिशेबाने एका सकाळच्या पेट्रोलमध्ये २४० माणसांचा एक दिवसाचा रोजगार जळतो. ज्याच्या खिशातून पंपावरची चिठ्ठी निघते, तो ही रक्कम दान म्हणून देत नाही. ठेकेदारीतून, वाळूतून किंवा जमिनीच्या व्यवहारातून तो ती वसूल करतो, आणि त्या वसुलीचा भार शेवटी त्याच गाडीवाल्या तरुणाच्या गावावर पडतो.

दुसरी हानी पैशात मोजता येत नाही. रॅलीत बोलता येत नाही. शेजारच्या गाडीवरच्या माणसाशीही संवाद होत नाही, मग गावकऱ्यांशी कोठून होणार? हॉर्न हेच भाषण आणि गाड्यांची संख्या हाच युक्तिवाद. ज्या वस्तीतून ती मुद्दाम संथपणे नेली जाते, त्या वस्तीला तिचा अर्थ बरोबर कळतो. मार्च २०२१ मध्ये निवडणूक आयोगाने मतदानापूर्वीच्या तीन दिवसांत मोटारसायकल रॅलींना मनाई केली, ती मतदारांवर दहशत बसविण्याच्या तक्रारींमुळेच. शिवाय झेंड्याचा रंग बदलतो तशी स्वारांची जातही बदलते, हे उघड गुपित आहे. एकाच गावचे दोन तरुण एकाच कंपनीच्या गाडीचे हप्ते फेडीत असतात, पण एका रॅलीत ते क्वचितच दिसतात. स्त्रिया तर बहुधा नसतातच. गिरगावच्या गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारीतील स्त्रिया बुलेट चालवितात, त्यांची छायाचित्रे सर्वत्र छापून येतात. परंतु वर्षातून एकदा दिसणारे ते दृश्य आहे. तालुक्याच्या रॅलीत गर्दी असते ती पुरुषांचीच. आणि हेल्मेटऐवजी फेटा बांधून सुसाट जाणाऱ्यांपैकी कोणी पडला, तर कार्यालयात फलक लागतो आणि घरात हप्ता उरतो.

चळवळींच्या परंपरेने रस्ता कसा वापरला, हेही या निमित्ताने आठवावे. याच जिल्ह्यातील हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत स्वामी रामानंद तीर्थांनी मुले घडविली. हैदराबाद मुक्तिसंग्रामाची मुळे अशा शाळांत होती. नामांतरासाठी १९७९ मध्ये नागपुराहून औरंगाबादकडे लाँग मार्च निघाला. १९८३ मध्ये चंद्रशेखर कन्याकुमारीहून दिल्लीपर्यंत पायी चालत गेले, त्याच वर्षी कांशीरामांचे कार्यकर्ते सायकलींवरून गावोगाव फिरले आणि डिसेंबर १९८५ मध्ये बाबा आमट्यांचे ‘भारत जोडो’ अभियान कन्याकुमारीहून निघाले, तेही तरुण सायकलस्वारांना घेऊन. ऑगस्ट २०१६ मध्ये धाराशिवच्या रस्त्यांवर मराठा समाजाचा मूक मोर्चा निघाला. त्याच्या मागण्यांविषयी मतभेद असोत, पण पुढे कोणी नेता नसलेला, मुली अग्रभागी असलेला तो शिस्तबद्ध जनसमूह जिल्ह्याने पाहिला. या सर्वांत समान काय होते? पायी चालणारा किंवा सायकलवरचा माणूस थांबू शकतो, पाणी मागू शकतो, ओसरीवर बसून बोलू शकतो. तात्पर्य, दोष इंजिनात नाही. सायकल हेही एक यंत्रच होते. जो थांबतो तो लोकांत मिसळतो, जो थांबत नाही तो लोकांवरून जातो.

मग या दुचाकीचे करावयाचे काय? याचे उत्तर जिल्ह्याच्याच अलीकडच्या इतिहासात आहे. २०२० च्या खरिपात काढणीच्या वेळी अतिवृष्टीने सोयाबीन गेले. विमा होता, पण नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत दिली नाही, या कारणाने लाखो शेतकऱ्यांची भरपाई अडली. येथील शेतकरी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेले आणि मे २०२२ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. त्यानंतरही भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. या लढ्याचे मोल मोठे आहे. तथापि, एक प्रश्न कार्यकर्त्याने स्वतःला विचारला पाहिजे. रस्ते चिखलात, मोबाइलला रेंज नाही, म्हाताऱ्या शेतकऱ्याला अर्ज भरता येत नाही, अशा त्या ७२ तासांत रॅलीतल्या ५०० गाड्या कोठे होत्या? त्यांतल्या पन्नास गाड्या जरी वाड्या-वस्त्यांवर फिरल्या असत्या, प्रत्येक गाडीवर अर्ज भरू शकणारा एक जण असता, तर किती घरांची भरपाई न्यायालयाच्या दारी न जाता हाती पडली असती!

सप्टेंबर २०२५ मध्ये परंडा-भूम भागात पुराने शेतातील माती वाहून नेली, जनावरे गेली, माणसांना हेलिकॉप्टरने काढावे लागले. त्या वेळी पाणी, औषधे आणि चारा घेऊन मदतीला धावणाऱ्यांत दुचाकीवरचे तरुणही होते. त्यांना कोणी पेट्रोलची चिठ्ठी दिली नव्हती. म्हणजे तरुण भाडोत्री नाही. त्याला बोलावणे कशासाठी जाते, यावर तो काय होतो ते ठरते.

म्हणून रॅली काढावी की नाही, हा प्रश्न दुय्यम आहे. काढावयाची असेल तर काही पथ्ये पाळावी लागतील. पेट्रोल ज्याचे त्याने घालावे किंवा वर्गणीतून घालावे व हिशेब जाहीर लावावा. हेल्मेट नसेल त्याने मागे राहावे. पुढे जीप नसावी. दर गावी गाड्या बंद करून अर्धा तास बैठक व्हावी आणि बोलणारा प्रत्येक ठिकाणी निराळा असावा, त्यांत मुलीही असाव्यात. प्रत्येक वस्तीत, विशेषतः जेथे इतरांची रॅली धाक घालावयास जाते तेथे, थांबावेच. गाड्या पाचशेऐवजी चाळीसच आल्या तरी खंत करू नये.

मात्र खरी कसोटी दुसऱ्या दिवशी सकाळी आहे. त्या चाळीस तरुणांची नावे, गावे आणि अडचणी कोणी वहीत लिहून घेतल्या काय? त्यांना पीकपाहणीची नोंद, पंचनाम्याची तारीख, रोजगाराची मागणी यांतील एकेक काम सोपविले काय? महिन्याने ते पुन्हा एकत्र बसले काय? जीपमधला नेता ज्या ठिकाणी या तरुणाला सोडून देतो, तेथून कार्यकर्त्याचे काम सुरू होते.

ज्योत घेऊन धावणाऱ्यांच्या मंडळात कोणी कोणाला पेट्रोलची चिठ्ठी देऊन बोलावीत नाही. प्रत्येकाला ठाऊक असते की आपली पाळी येणार आहे. पक्षात आपली पाळी येईल, असा विश्वास या जिल्ह्यातील तरुणाला ज्या दिवशी वाटेल, त्या दिवशी सभेतील खुर्च्यांची चिंता करण्याचे कारण उरणार नाही.