बाकावरची परीक्षा



इतिहासावर बोलण्याचा आमचा अधिकार नाही. शाळा आम्ही लवकर सोडली. पुढे जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत, नाहीतर गाडीच्या गर्दीत उभ्याने. तरीही कार्यवाहांचा आग्रह पडला, म्हणून गेल्या वर्षी वसई रोड स्टेशनवर आमची जी फजिती झाली तीच सांगतो.

दिव्याकडे जाणारी गाडी विरार लोकलसारखी नव्हे. एक चुकली की बाक धरून बसावे लागते. त्या दिवशी शेजारी कॉलेजातली तीन मुले होती, दोन मुलगे व एक मुलगी. दुसऱ्या दिवशी त्यांचा अमेरिकेच्या इतिहासाचा पेपर. हातात झेरॉक्सचे कागद. त्यांचा नियम मोठा नामी होता. एकाने कागद पाहून प्रश्न टाकायचा, आणि जो चुकेल त्याच्या हाती कागद द्यायचा. पुढचे प्रश्न त्याने विचारायचे. म्हणजे चुकणाऱ्याला शिक्षा नाही, उलट मास्तरकी!

"बोस्टनच्या बंदरात चहा कधी बुडवला?"

"16 डिसेंबर 1773. पेट्या 342."

"चहा कोणाचा?"

येथे एक मुलगा अडला. ईस्ट इंडिया कंपनीचा, असे मुलीने सांगताच तो म्हणाला, "म्हणजे आपलीच कंपनी?" सगळे हसले, आम्हीही हसलो. पण त्याचे बोलणे हसण्यावारी नेण्याजोगे नव्हते. अमेरिकेत लढाई जुंपली होती त्याच काळात, 1780 च्या डिसेंबरात, याच कंपनीच्या जनरल गॉडर्डने आपला वसईचा किल्ला घेतला. 1782 च्या सालबाईच्या तहाने तो मराठ्यांना परत मिळाला. आणि 1781 साली यॉर्कटाउनला शरण गेलेला कॉर्नवॉलिस 1786 मध्ये गव्हर्नर-जनरल होऊन कलकत्त्यास आला. चिमाजी अप्पांचा 1739 चा विजय आपल्याकडे शेंबडे पोरही सांगते. 1780 चे मात्र कोणी काढत नाही. हरल्याची तारीख पाठ करायला कोणाला आवडते?

मग लिंकनची पाळी आली. गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा कधीचा? 1 जानेवारी 1863. उत्तर बरोबर होते, कागद पुढे सरकायला हरकत नव्हती. पण मुलीने मध्येच विचारले, "सगळ्यांना मुक्त केले?" हा प्रश्न कागदावर नव्हता. मुलगे गप्प. तिनेच सांगितले की तो जाहीरनामा फुटून निघालेल्या राज्यांपुरता होता. लिंकनच्या बाजूला राहिलेल्या ज्या राज्यांत गुलामी होती, तेथील गुलाम त्यात नव्हते. सबंध देशातून गुलामी उठली ती 1865 च्या डिसेंबरात, घटनेच्या तेराव्या दुरुस्तीने. जोतीराव फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' हे पुस्तक ज्या अमेरिकन लोकांना अर्पण केले, त्यांना हे कार्य पुरे करायला एवढे दिवस लागले होते.

आता आम्हांला राहवेना. "मे दिनाचे विचारा की," असे म्हणून आम्हीच सुरू झालो. 1 मे 1886, शिकागो, हेमार्केटचा चौक, आठ तासांची मागणी, गोळीबार, रक्तात भिजून लाल झालेले निशाण! गेटसभेत म्हणतो तसे सगळे म्हणून दाखवले. मुलगी अदबीने म्हणाली, "काका, 1 मेला संप सुरू झाला. गोळीबार 3 तारखेला मॅकॉर्मिकच्या कारखान्यापुढे झाला. हेमार्केटची सभा 4 मेची, बॉम्ब तिथे पडला. आणि लाल निशाण 1848 मध्ये पॅरिसला होतेच की." तिच्या सोबत्याने नियमाप्रमाणे कागद आमच्या हाती दिला. "काका, आता तुम्ही विचारा."

आम्ही घाम पुसला आणि जे खरोखरच ठाऊक नव्हते ते विचारले: अमेरिकेत 1 मेला सुट्टी असते का? नसते, असे कळले. तेथला कामगार दिन सप्टेंबरातल्या पहिल्या सोमवारी असतो. तसा कायदा 1894 साली झाला. तेवढ्यात गाडी आली.

पंचवीस वर्षे गोखिवरे, वालीव, सातिवली येथल्या गेटांवर आम्ही ती चुकीची तारीख ठोकून सांगितली. एकाही सोबत्याने अडवले नाही. टाळ्या मात्र वाजल्या! तारखेची चूक कोणाच्या पोटावर येत नाही, असे कोणी म्हणेल. आमच्या मनात मात्र गाडीत बसल्यावर त्या मुलीचा दुसराच शब्द घोळत होता. "सगळ्यांना?"

काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात आम्ही तीन वर्षांचा करार केला. पगारवाढ चांगली होती. मसुदा आम्हीच लिहिला, आम्हीच मोठ्याने वाचून दाखवला, आणि कमिटीने मान डोलावली. त्यात 'कायम कामगार' असे शब्द होते. ते आमच्याच लेखणीतून उतरले होते, मालकाने घातले नव्हते. पगाराच्या दिवशी कंत्राटी पोरे कचेरीत आली. त्याच यंत्रांवर, तेवढेच तास उभी राहणारी पोरे. "भाऊ, आमचे कधी?" एवढेच त्यांनी विचारले. आमच्यापाशी उत्तर नव्हते, आणि तीन वर्षे ते कलम उघडता येण्यासारखे नव्हते. सही करण्यापूर्वी कमिटीतल्या एकाने जरी तो एक शब्द उच्चारला असता! पण विचारावे कसे? आम्ही पुढारी, आम्हांला विचारणे म्हणजे अविश्वास दाखवणे, अशी समजूत आम्हीच वाढू दिली होती.

आता मागणीपत्र देण्यापूर्वी आम्ही गोल करून बसतो. मसुदा हातोहात फिरतो आणि नियम त्या बाकावरचाच. पहिल्या संध्याकाळी कोणी तोंड उघडीना. अखेर पॅकिंग खात्यातल्या एका बाईंनी कागद खाली ठेवला आणि विचारले, "दादा, यात कामगार म्हणजे कोण कोण?" त्या प्रश्नावर दीड तास गेला, आणि पहिले कलम आम्ही तिसऱ्यांदा लिहिले.