बोलके घर, बोलते मूल

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त बंगळुरूच्या एचएसआर लेआउटमध्ये भरलेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)

माझ्या माजी विद्यार्थी-विद्यार्थिनींनो आणि पालकहो,

शाळेच्या हीरक महोत्सवाचा एक मेळावा गावापासून इतक्या दूर व्हावा आणि त्याला एवढी गर्दी व्हावी, याचा मनापासून आनंद वाटतो. कोल्हापूर ओलांडून दक्षिणेकडे जाणाऱ्या महामार्गाने तुमच्यापैकी अनेकांना या शहरात आणले. होसूर-सर्जापूर रोडची आद्याक्षरे नावात घेऊन वसलेल्या या वसाहतीत आज तुमची घरे आहेत आणि तेथे शाळेची पुढची पिढी वाढते आहे. शाळेचा इतिहास स्मरणिकेत येईलच. मी आज बोलणार आहे ते या पिढीच्या बोलण्याविषयी.

गेल्या काही वर्षांत येथून येणाऱ्या फोनवर एक प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारला जातो. ‘बाई, मुलगा अडीच वर्षांचा झाला, अजून बोलत नाही. घरात मराठी, सांभाळणाऱ्या ताईंची कन्नड, शेजारी हिंदी, प्लेस्कूलमध्ये इंग्रजी. इतक्या भाषांनी तो गोंधळला आहे, घरातही इंग्रजीच बोला, असे आम्हाला सांगण्यात आले. मराठी बंद करावी का?’

मी भाषेची शिक्षिका आहे, उपचारतज्ज्ञ नव्हे. म्हणून आपल्याच शाळेच्या एका विद्यार्थिनीकडे गेले. ती याच परिसरात लहान मुलांची स्पीच थेरपिस्ट, म्हणजे वाचा-भाषा उपचारतज्ज्ञ आहे. पालकांच्या संमतीने कालची सकाळ मी तिच्या खोलीत बसून काढली. भिंतीवर आरसा, बुटके टेबल, चित्रांचे पत्ते, लाकडी प्राणी. तिने एका मुलासमोर साबणाचे फुगे उडवले आणि ती थांबली. पुढचा फुगा हवा असेल तर मुलाने काहीतरी सांगायचे होते. शब्दाने, हाताने किंवा नुसत्या नजरेने. तिने घाई केली नाही, ‘बोल, बोल’ असा आग्रहही धरला नाही. बऱ्याच वेळाने मुलाने हात पुढे केला आणि ‘दे’ म्हटले. बोलण्याची गरज मुलाच्या मनात निर्माण करणे आणि मग धीराने वाट पाहणे, हा या कामाचा गाभा मला तेथे दिसला.

हे शास्त्र आपल्या देशात शाळेच्याच वयाचे आहे. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था 1965 साली स्थापन झाली. मुंबईत नायर रुग्णालयात त्याच दशकात हे शिक्षण सुरू झाले आणि 1983 मध्ये वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था उभी राहिली. तुमच्या घरापासून फार दूर नसलेल्या निम्हान्समध्येही वाचा व श्रवण विभाग आहे. तरीही आपल्या घरांत अजून वेखंड उगाळून जिभेला लावले जाते, ‘याचा बाप चौथ्या वर्षी बोलला होता’ असे सांगितले जाते, आणि मोलाची वर्षे निघून जातात.

म्हणून काही खुणा ध्यानात ठेवा. वर्षाच्या सुमारास मूल नावाला प्रतिसाद देते, बोटाने वस्तू दाखवते आणि एखादा अर्थपूर्ण शब्द बोलते. दोन वर्षांचे मूल ‘पाणी दे’, ‘बाबा आले’ असे दोन शब्द जोडते. तीन वर्षांच्या मुलाचे बरेचसे बोलणे परक्यालाही कळते. थोडे मागेपुढे होतेच. पण यांत मोठे अंतर दिसले, किंवा येत असलेले शब्द नाहीसे झाले, तर वाट पाहू नका. सर्वप्रथम कानांची तपासणी करा. ती नवजात बाळाचीही करता येते. जे नीट ऐकूच येत नाही, ते मूल बोलणार कसे?

आता भाषेच्या प्रश्नाकडे येते. दोन-तीन भाषा कानांवर पडल्याने मुलाला वाचादोष जडत नाही, हे या क्षेत्रातील अभ्यासकांचे स्पष्ट मत आहे. मूल भाषांची सरमिसळ करते, ती वाढीतील नेहमीची पायरी असते. त्याचे शब्द मोजायचे तर सर्व भाषांतील मिळून मोजावे लागतात. ज्या मुलाला खरोखरच अडचण आहे, त्याला ती प्रत्येक भाषेत जाणवते. एक भाषा काढून घेतल्याने ती नाहीशी होत नाही.

उलट, काढून घेतलेल्या भाषेबरोबर बरेच काही जाते. परक्या भाषेत आईबाबा मुलाला बहुधा आज्ञाच देतात: ये, बस, खा, नको. स्वतःच्या भाषेत ते गोष्ट सांगतात, थट्टा करतात, समजूत घालतात, चिऊकाऊचे घास भरवतात. बोलणे शिकणाऱ्या मुलाला हीच श्रीमंत भाषा हवी असते. शिवाय गावाकडच्या आजीला इंग्रजी येत नाही. घरातली मराठी बंद झाली की, त्याच्याशी तासन् तास बोलायला तयार असलेले एक माणूस आपण त्याच्यापासून तोडतो. तुमच्या मुलांना इंग्रजी शाळेतून काढा, असे मी म्हणत नाही. शाळेची भाषा शाळेत येईल. घराची भाषा घरीच मिळते.

उपचार करणाऱ्यालाही मुलाची भाषा ठाऊक असावी लागते. ‘चार’ आणि ‘चाक’ यांतला च आपण लिहितो एकच, पण त्याचे उच्चार दोन आहेत. र आणि ळ मुलांच्या तोंडी उशिरा बसतात. तीन वर्षांचे मूल ‘घर’ला ‘घल’ म्हणाले तर ते वयाला धरूनच आहे. लहान मुलगा आईचे ऐकून ‘मी जाते’ म्हणतो; मराठीचा कान असलेली व्यक्ती तो दोष मानणार नाही. इंग्रजीवरून केलेल्या चाचणीला हे बारकावे कसे दिसावेत? तुमच्या कन्नड शेजाऱ्यांच्या भाषेतही ळ आहे. त्यांच्याशी खेळताना तुमच्या मुलाचा ळ घासूनच निघेल.

थेरपी म्हणजे आठवड्यातून पाऊण तासाच्या दोन बैठका, म्हणजे दीड तास. मुलाचे जागेपणाचे तास ऐंशीच्या आसपास. उरलेला उपचार घरीच व्हायचा असतो. भाजी निवडताना, आंघोळ घालताना, तलावाकाठी फिरताना बोला. मोबाइल बाजूला ठेवा. मुलाने ‘गाडी’ म्हटले की ‘हो, लाल गाडी गेली’ असे वाढवून परत द्या. अडखळणाऱ्या मुलाला ‘सावकाश बोल’ असे बजावू नका, त्याचे वाक्य पुरे करू नका. त्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐका. आणि एखादे मूल तोंडाने बोलू शकले नाही, तर खुणा आणि चित्रे हीसुद्धा त्याची भाषाच आहे, हे मनापासून स्वीकारा.

थेरपिस्टकडे जाताना त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे जरूर विचारा. 2016 च्या दिव्यांगजन हक्क कायद्यातील 21 प्रकारांत वाचा व भाषा दिव्यांगत्वाचा समावेश आहे, तेव्हा यात लपवण्यासारखे काही नाही. ज्यांची मुले बारावी विज्ञानात आहेत, त्यांनी बी.ए.एस.एल.पी. या पदवीचाही विचार करावा. मराठी जाणणाऱ्या तज्ज्ञांची आपल्याला गरज आहे.

शेवटी एक मागणी. हीरक महोत्सवी वर्षापासून पहिलीत येणाऱ्या प्रत्येक मुलाची श्रवणतपासणी करण्याचे शाळेने ठरवले आहे. तुम्ही दूर आहात, पण एक काम करू शकता. तुमच्या घरातील ज्येष्ठांच्या आवाजात मराठी गोष्टी ध्वनिमुद्रित करा आणि शाळेकडे पाठवा. आम्ही त्या बालवाडीत ऐकवू, आणि ज्या थेरपिस्ट मागतील त्यांनाही देऊ. शाळेने तुम्हाला लिहायला-वाचायला शिकवले. बोलायला मात्र तुम्ही घरीच शिकून आला होता. ते घर तुमच्या मुलांनाही मिळावे, एवढीच या बाईंची इच्छा आहे.