आगगाडीच्या तिकिटात थोडी माया
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



"परदेशी जाऊन आलात, चार शब्द बोला," असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तिकडचे राजवाडे, बागा आणि बर्फाचे डोंगर यांचे वर्णन करणे मला साधणार नाही. मी बोलणार आहे ते तिकडच्या आगगाडीच्या तिकिटाविषयी. त्या तिकिटापायी मी एकदा पैसे घालवले आणि दुसऱ्या वेळी त्यानेच माझी वेळ साधून दिली.

२०२४ सालच्या मे महिन्यात मी माझ्या धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी जर्मनीत फ्रांकफुर्टला गेले. आमची आई गेल्यापासून तिला माहेर म्हणून मीच. पहिला मुलगा चार वर्षांचा. दिवस भरायला तीन आठवडे होते, म्हणून बहीण म्हणाली, "ताई, म्यूनिकला तुझे दीर आहेत, चार दिवस जाऊन ये. एकदा बाळ झाले की तुला उसंत मिळायची नाही."

बहिणीच्या यजमानांनी तिकिटाचे दोन प्रकार सांगितले. एक 'स्पारप्राइस', म्हणजे काटकसरीचे भाडे. ते स्वस्त, पण ज्या गाडीचे काढले त्याच गाडीला चालते. दुसरे 'फ्लेक्सप्राइस'. ते महाग, पण तिकिटावरच्या दिवशी, तिकिटावर लिहिलेल्या मार्गाने, कोणत्याही गाडीने जावे. आपल्या भाषेत सांगायचे तर पहिले आपल्या लांबच्या गाडीच्या आरक्षणासारखे आणि दुसरे लोकलच्या तिकिटासारखे. ही चुकली तर पुढची.

मी हिशेबी बाई. म्हटले, "स्वस्तातलेच काढा. गाडी चुकवायला मी काय लहान आहे?"

आणि चुकवलीच. स्टेशनच्या वाटेवर आठवले की दिरांसाठी केलेल्या बेसनाच्या लाडवांचा डबा ओट्यावरच राहिला. मी हट्टाने मागे फिरायला लावले. डबा मिळाला, पण फलाटावर पोहोचलो तेव्हा गाडी निघून गेली होती. तासाभराने दुसरी गाडी होती, परंतु आमचे तिकीट तिला चालेना. त्या दिवशीचे नवे तिकीट आधीच्या तिपटीहून महाग पडले. बहिणीचे यजमान एका शब्दाने बोलले नाहीत, त्याचेच मला जास्त लागले. ते लाडू मी दिरांकडे खाल्ले नाहीत.

परतीचे तिकीट मात्र ते फ्लेक्सचेच काढू लागले. मी म्हटले, "आता मी दोन तास आधी जाऊन बसेन, पुन्हा एवढे पैसे नकोत." तेव्हा ते म्हणाले, "ताई, मला तुमच्या उशिराची भीती नाही, बाळाच्या घाईची आहे." मी गप्प बसले. तिकीट निघाले, आणि दुपारी चारच्या गाडीत जागाही वेगळे पैसे भरून राखली.

ज्या दिवशी निघायचे त्याच पहाटे चारला फोन वाजला. बहिणीला कळा सुरू झाल्या होत्या. यजमान तिला घेऊन दवाखान्यात गेले. मुलगा शेजारच्या जर्मन बाईंच्या घरी. पण त्या बाईंना बारा वाजता कामावर जायचे होते. चारच्या गाडीने मी निघाले असते तर पोहोचायला संध्याकाळचे साडेसात. मधल्या वेळात तो पोर कोणाकडे राहणार?

दिरांनी मला सहाच्या सुमाराच्या गाडीत बसवून दिले. बसवून म्हणजे नुसते चढवून. राखलेली जागा चारच्या गाडीतली, ती इथे कामाची नव्हती. न्यूरेंबर्गपर्यंत तासाभराहून अधिक मी दारापाशी पिशवीवर टेकून होते. पुढे जागा मिळाली. तपासनीस आला तेव्हा छातीत धडधडले. आधीच्या वेळची आठवण ताजी होती. मी फोनमधले तिकीट आणि पासपोर्ट पुढे केला. त्याने यंत्र लावले, मान हलवली आणि तो पुढे गेला. ना दंड, ना नवे तिकीट. मला तिथेच रडू आले.

दहाच्या आत मी शेजारणीच्या दारात होते. पोरगा पायाला बिलगला आणि मराठीत म्हणाला, "मावशी, भूक लागली." त्या बाईंनी बिस्किटे दिली होती, पण याने तोंडच उघडले नव्हते. मी वरणभात लावला. दुपारी दोनला फोन आला की मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत.

भगिनींनो, आता आपल्यापैकी कोणी तिकडे जाईल तर उपयोगी पडेल असे थोडे सांगते.

पुष्कळ गावे हिंडायची असतील तर 'युरेल' नावाचा पास मिळतो. तो युरोपाबाहेर राहणाऱ्यांसाठी आहे, १९५९ सालापासून चालू आहे आणि आता ३३ देशांत चालतो. त्यात महिन्याभरात कोणतेही ४, ५ किंवा ७ दिवस प्रवासाचे, असे प्रकार असतात. दिवस म्हणजे मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत. त्यात हव्या तितक्या गाड्या बदला. परंतु फ्रान्स व इटलीतल्या वेगवान गाड्या आणि रात्रीच्या गाड्या यांना पास असला तरी जागेचे पैसे निराळे भरून आरक्षण करावे लागते. जर्मनी, ऑस्ट्रिया व स्वित्झर्लंडमध्ये बहुतेक गाड्यांना ते लागत नाही. पास घेण्याआधी सुट्या तिकिटांची बेरीज करून पाहावी. दोनच प्रवास असतील तर पास महागात पडू शकतो.

स्वस्त तिकीटही वाईट नाही. दिवस नक्की असेल, मागे कोणी खोळंबणार नसेल, तर लवकर काढून ठेवावे. जर्मनीत गाडीच उशिरा चालून मुक्कामी पोहोचायला २० मिनिटे किंवा अधिक उशीर होणार असे दिसले, तर स्वस्त तिकिटावरही दुसऱ्या गाडीने जाता येते. युरोपीय संघाच्या नियमाने, काही अपवाद सोडता, पोहोचायला तासाहून अधिक उशीर झाला तर भाड्याचा चौथा हिस्सा आणि दोन तासांहून अधिक झाला तर निम्मे भाडे मागता येते. मागावे मात्र लागते. आणि उशीर आपला असेल, माझ्या लाडवांसारखा, तर काही मिळत नाही.

पोलके शिवताना आपण शिवणीत माया सोडतो. ते कापड आत दडते, वाया गेलेसे वाटते. पण अंग भरले की तेच उपयोगी येते. प्रत्येक शिवणीत बोटभर माया सोडली तर कापड पुरायचे नाही, आणि कुठेच सोडली नाही तर पोलके वर्षभर टिकायचे नाही. कुठे सोडायची हे बेतणारीने ठरवायचे. ज्या प्रवासात दुखणे, बाळंतपण किंवा म्हातारे माणूस आहे, तिथे तिकिटात माया असू द्यावी. बाकी ठिकाणी खुशाल काटकसर करावी.