गच्चीवरचा सूर्य

बंगळूरच्या यशवंतपुरात एखाद्या गच्चीवर उभे राहिले, की आसपासच्या घरांवर दक्षिणेकडे तोंड करून कललेल्या काचनळ्या आणि त्यांच्या माथ्यावरील टाक्या दिसतात. यात गूढ काही नाही. तापलेले पाणी हलके होऊन टाकीत चढते, थंड पाणी खाली उतरते. पंप लागत नाही. शंभर लिटर पाणी 20 अंशांवरून 60 अंशांवर नेण्यास साडेचार युनिटांहून अधिक वीज लागते. ती सूर्य वाचवितो. कर्नाटक शासनाने 2007 साली अनेक प्रकारच्या नव्या इमारतींना ही सोय सक्तीची केली, ती याचसाठी.

परंतु वीज वाचविताना पाणी सांडू नये. गच्चीपासून न्हाणीघरापर्यंतच्या वीस मीटर नळात तीन-चार लिटर थंड पाणी साचलेले असते. ऊन पाणी येईपर्यंत पुष्कळजण ते मोरीत सोडून देतात. 2024 च्या उन्हाळ्यात विंधनविहिरी आटून टँकरची वाट पाहिलेल्या या शहराला ते कसे परवडावे? तेव्हा नळाखाली आधी बादली ठेवावी. नळाला उष्णतारोधक वेष्टन घालावे, म्हणजे दुसऱ्याच्या स्नानापर्यंत आतले पाणी लवकर निवत नाही.

सूर्याची देणगी अवश्य घ्यावी. मात्र तिची किंमत विहिरीला भरावयास लावू नये.